कोंबड्यांची पाणपोई

मित्रांनो, देवळीत आमच्या गल्लीत शिरलात की डाव्या हाताला एक कडुलिंब लागतो. त्याच्या सावलीत, कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवर, लाल कपडा गुंडाळून एक गोल निळा गडी बसलेला दिसतो. अंगाला एका बाजूने पोचा, झाकणाला तडा. तो मी. माझी जात कॅम्परची. लग्नात, दुकानात, कचेरीत थंड पाण्याने भरलेला, खाली नळ असलेला जो जाड पोटाचा डबा असतो ना, तोच. लोक मला नुसतं 'कॅन' म्हणतात. मला ते आवडत नाही, पण माझं मत विचारतो कोण?

माझा जन्म नागपूरकडच्या एका कारखान्यात झाला. बाहेर एक प्लास्टिकची भिंत, आत दुसरी, आणि दोन्हींच्या मधे फेस भरलेला. त्या फेसावरच माझं सगळं मोठेपण उभं आहे. बाहेर कितीही ऊन तापू द्या, माझ्या पोटातलं पाणी लवकर तापत नाही. असं थंड पोट माणसांमध्ये फार थोड्यांना मिळतं.

देवळीच्या ताराचंद पाणीवाल्याने मला विकत घेतलं, पोटावर पांढऱ्या रंगाने २७ आकडा घातला आणि लग्नसराईत उतरवलं. काय दिवस होते ते! वऱ्हाडी मांडवात आले की नवरदेवाकडे नंतर जात, आधी माझ्याकडे येत. भर मे महिन्यात पहिला ग्लास पिऊन माणूस डोळे मिटून 'आहा' म्हणायचा, तेव्हा मला वाटायचं की हे लग्न माझ्याच जिवावर लागतं आहे. नवरीच्या मामांनी एकदा माझ्या नळाखाली पाय धुतले होते. तेवढा एक प्रसंग सोडला तर माझा मान कोणी कमी केला नाही.

पण मित्रांनो, मान हा टिकणारा माल नाही. एके दिवशी ताराचंदची ऑटो गतिरोधकावरून उडाली आणि मागच्या मागे मी डांबरावर आलो. नळ तुटला, झाकणाला तडा गेला, कुशीत पोचा पडला. ताराचंदने मला दुरुस्तीसाठी सदाशिवरावांच्या दुकानात ठेवलं, "उद्या नेतो" म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उगवला नाही.

सदाशिवरावांचं घराच्या पुढच्या खोलीत कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. पंप बदलणं, मोटार गुंडाळणं, ताट्यांमध्ये नवं गवत भरणं ही त्यांची कामं. माणूस भला, हात कसबी, पण जगातली प्रत्येक वस्तू मुळात कूलरच आहे असा त्यांचा ठाम समज. बायकोचं डोकं दुखलं तरी त्यांना आधी पंपाची शंका यायची. माझा नळ बसवायला त्यांना सवड मिळेना, म्हणून त्यांनी मला घराच्या बाजूच्या, गल्लीला लागून असलेल्या परसात कूलरच्या गंजक्या सांगाड्यांमध्ये सरकवून दिलं.

परसात राज्य होतं कोंबड्यांचं. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्याचं नाव फौजदार. शेजारच्या मंदाबाईंना त्याने एकदा पार रस्त्यापर्यंत पळवलं होतं. तेव्हापासून त्या आमच्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत, काय बोलायचं ते भिंतीपलीकडून बोलत. चिंधी नावाची एक पिसं झडलेली म्हातारी कोंबडी रोज रात्री माझ्या झाकणावर झोपायची. झाकणावर झोपायची म्हणजे नुसती झोपायची असं नाही. जाऊ द्या. ज्याच्या डोक्यावर लग्नात बर्फाची लादी ठेवली जायची, त्याच्या डोक्यावर पुढे काय पडलं ते मुलांना सांगण्यासारखं नाही.

या कोंबड्या रुख्मिणीबाईंच्या. रुख्मिणीबाई म्हणजे सदाशिवरावांच्या पत्नी. नाचणगावला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीने, वच्छलाबाईने, पिलांसकट एक कोंबडी दिली होती, तिचाच हा विस्तार. रुख्मिणीबाई दिवसातून तीनदा कोंबड्यांचं पाणी बदलत. कारण कोंबडी ही अशी जात आहे की जे पाणी प्यायचं त्यातच ती पाय घालणार, माती उकरून टाकणार, आणि शेवटी भांड्याच्या काठावर उभी राहून ते उलटं करणार. मग उलट्या भांड्याकडे मान तिरपी करून बघणार, जणू दुसऱ्याच कोणी केलं.

मागच्या उन्हाळ्यात रुख्मिणीबाई एका दिवसासाठी नातेवाइकांकडे गेल्या होत्या. कोंबड्यांनी सकाळीच भांडं लवंडलं. सदाशिवराव दुकानात कूलरमध्ये डोकं घालून बसले होते, त्यांना दुपार कधी झाली ते कळलंच नाही. संध्याकाळी बाई परतल्या तेव्हा तीन कोंबड्या भिंतीच्या कडेला आडव्या पडलेल्या होत्या. त्या नवऱ्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सदाशिवराव अजून म्हणतात. त्यानंतर मात्र बाई कुठेच मुक्कामाला गेल्या नाहीत.

आणि या एप्रिलमध्ये वच्छलाबाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं, आकांक्षाचं लग्न ठरलं होतं, ऐन मे महिन्यात. सख्खी मावशी म्हणजे हळदीच्या आधी यायला हवं आणि सगळं आवरूनच निघायला हवं. चार दिवस तरी गेलेच. फोन ठेवून रुख्मिणीबाई परसात आल्या, कोंबड्यांसमोर बसल्या आणि तिथूनच नवऱ्याला म्हणाल्या, "मले नाई जमत. तुमी जाजा, आहेर देजा, अन् संध्याकाळच्या गाडीनं परत येजा."

"अन् वच्छला काय म्हनन?" सदाशिवरावांनी विचारलं.

"म्हनन ते म्हनन. कोंबड्या कोनाच्या भरोशावर टाकू? तुमच्या?"

त्या दुपारी सदाशिवराव धड जेवले नाहीत. आकांक्षाला रुख्मिणीबाईंनी मांडीवर खेळवलं होतं, तिच्या बारशाची कुंची बाईंनीच शिवली होती, हे त्यांना माहीत होतं. हात धुऊन ते परसात आले आणि म्हणाले की कोंबड्यांना चार दिवस आपोआप पाणी मिळेल अशी सोय मी करतो, तू बिनधास्त बॅग भर. बाईंनी मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हे.

पहिली सोय काय असणार, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्यांनी कोंबड्यांसाठी कूलर केला! एका सांगाड्याला नवं गवत भरलं, खाली टाकी, टाकीत पंप. गवतातून पाणी झिरपेल, खालच्या पन्हाळीत पडेल, कोंबड्या पितील आणि वर गार वाराही खातील, असा बेत. कोंबड्यांना तो बेहद्द आवडला. पाण्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही, गवताच्या ताट्या मात्र चोचींनी उकलून आत घरटी केली. दुसऱ्या दिवशी चिंधी त्या गवतात अंड्यावर बसली आणि कोणी हात घातला की टोचू लागली. तेवढ्यात लाइन गेली, पंप बंद पडला. रुख्मिणीबाई म्हणाल्या की आता या कूलरला बाळंतपण होईपर्यंत हात लावायचा नाही.

दुसरी सोय फार देखणी होती. गच्चीवरच्या काळ्या टाकीपासून काळा पाइप खाली आणला, त्याला चार वाट्या जोडल्या, प्रत्येक वाटीला छोटी तोटी. संध्याकाळी चाचणी घेतली. वाट्या भरल्या, आपोआप थांबल्या, कोंबड्या रांगेत पाणी प्यायल्या. मंदाबाईंनी भिंतीपलीकडून वाहवा केली. सदाशिवराव कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि मी कोपऱ्यातून, मोडक्या नळाचा, हे सगळं बघत होतो. खरं सांगतो मित्रांनो, मला हेवा वाटला.

तो हेवा दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संपला. आमच्या जिल्ह्याचं मे महिन्यातलं ऊन काळ्या टाकीला काय करतं, हे वर्ध्याच्या पोराटोरांना ठाऊक आहे. नहाणीत गार पाण्याचा नळ सोडला तरी माणूस पाय मागे घेतो. एका कोंबडीने वाटीत चोच घातली, झटकन काढली आणि सदाशिवरावांकडे असं पाहिलं की मला भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं. रुख्मिणीबाईंनी वाटीत बोट बुडवलं, पदराला पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आता चहापत्ती टाका."

सदाशिवराव खचले. त्या खचलेल्या मनःस्थितीत त्यांनी रिकामे हात नकोत म्हणून मला पुढे ओढलं, घासून धुतलं, नवा नळ बसवला, आणि गळतो का ते पाहायला काठोकाठ पाणी भरून कडुलिंबाखाली ठेवलं. नळ थेंब थेंब गळत होता. रात्र झाली, सकाळ झाली, ते विसरून गेले. दुपारी मात्र वेगळंच झालं. चार देखण्या वाट्या ओस पडल्या आणि अकराच्या अकरा कोंबड्या माझ्यासमोर गोळा झाल्या. एक थेंब पडला की एक चोच पुढे यायची. फौजदारसुद्धा आपली पाळी येईपर्यंत थांबला होता. माझ्या पोटातलं पाणी कालच्या रात्रीइतकंच गार होतं.

रुख्मिणीबाईंनी ते पाहिलं आणि दुकानात हाक मारली. "या इकडे. कोंबड्यायले समजलं, तुमालेच नाई समजून राह्यलं."

सदाशिवराव आले. आधी कोंबड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किती दिवसांनी कोणीतरी माझ्याकडे तसं पाहत होतं! त्याच दिवशी त्यांनी काम हातात घेतलं. पाणी उतारानेच जायला हवं, म्हणजे मी उंचावर हवा, आणि सावलीत हवा. दिवसभर सावली एकाच ठिकाणी, कडुलिंबाखालच्या भिंतीवर. गळता नळ आवळून मला तिथे बसवलं. नळ गल्लीच्या बाजूला आला, पण त्याचं काय एवढं, धुताना उपयोगी पडेल. परसाच्या बाजूने त्यांनी मला नवं भोक पाडलं. दुखलं, पण मी सोसलं. त्या भोकातून पाइप खाली पन्हाळीत नेला, आणि पन्हाळीत कूलरच्या टाकीतला नारिंगी चेंडूचा फ्लोट बसवला. पाणी कमी झालं की चेंडू खाली जातो, तोटी उघडते. पाणी भरलं की चेंडू वर येतो, तोटी बंद. एका कोंबडीने पहिल्याच दिवशी त्या चेंडूला अंडं समजून त्यावर बैठक मारली आणि परसात पूर आला, म्हणून चेंडूवर जाळी आली. पाणी गार राहावं म्हणून मला ओलं पोतं गुंडाळलं, आणि पोतं बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून वरून जुन्या रजईचा लाल कपडा. हाताला तोच लागला, म्हणून लाल.

एक गोष्ट तेवढी राहून गेली. कूलरच्या टाकीत तळाला गाळ बसतो, म्हणून कूलरवाला माणूस पाइप नेहमी तळापासून चार बोटं वर लावतो. सदाशिवरावांनी सवयीने माझं भोकही चार बोटं वर पाडलं. नळ मात्र तळापासून जेमतेम दोन बोटं वर होता. तेव्हा हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आठवडाभर रुख्मिणीबाईंनी परीक्षा घेतली. स्वतः एक थेंब पाणी घातलं नाही, नुसतं बघितलं. एका भरणीत चार दिवस आरामात निघत होते. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी बॅग काढली तेव्हा सदाशिवराव आत जाऊन उगाचच एक चांगला चाललेला पंप उघडून बसले. सकाळी बाईंनी मला काठोकाठ भरलं, मंदाबाईंना भिंतीपलीकडून लक्ष ठेवायला सांगितलं, आणि दोघं नाचणगावला जायला पुलगावच्या एसटीला गेले. अकरा कोंबड्यांचा जीव माझ्या हवाली करून गेले. लग्नात एवढा मिरवलो, पण अशी जबाबदारी मला कोणी दिली नव्हती.

पहिले काही तास सगळं नीट चाललं. मग उन्हातून नत्थूजी आले.

नत्थूजी आमच्या गल्लीतले वयस्क गृहस्थ. गावात कुठलाही कार्यक्रम असो, आभारप्रदर्शन यांच्याकडे. ते बँकेतून परतत होते, डोक्याला दुपट्टा बांधलेला. त्यांना कडुलिंबाची सावली दिसली. सावलीत भिंतीवर कॅम्पर दिसला, कॅम्परला लाल कपडा, आणि नळ गल्लीकडे. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, विदर्भात भर मे महिन्यात रस्त्याच्या कडेला लाल कपड्यातलं पाणी म्हणजे काय? पाणपोई! शेंबडं पोरही तेच म्हणेल. नत्थूजींनी पायातल्या चपला काढल्या, ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्यायले.

मंदाबाई हे आपल्या दारातून पाहत होत्या. त्या लगबगीने आल्या आणि म्हणाल्या, "अवो काकाजी, ते…"

"मंदाबाई," नत्थूजी ओल्या हातांनी डोळे पुसत म्हणाले, "सदाशिवरावनं बापाचं नाव राखलं. ना बोर्ड, ना गाजावाजा. किती वर्षांनी आपल्या गल्लीत पानपोई लागली."

मंदाबाईंचं वाक्य तोंडातच राहिलं. तीन ओंजळी पिऊन डोळ्यांत पाणी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला, हे कोंबड्यांचं पाणी आहे, असं कोणत्या तोंडाने सांगणार? खरं तर माझ्या पोटातलं पाणी अगदी स्वच्छ होतं. ते वरून खाली जायचं, खालून वर कधी येत नव्हतं. पण माणसाच्या मनाला हा उतार समजत नाही. नत्थूजी गेल्यावर मंदाबाईंनी घरातून दोन तांबे पाणी आणून मला पुन्हा भरून टाकलं. गल्लीच्या बाजूने भरायचं, त्यामुळे फौजदाराचीही भीती नव्हती.

नत्थूजींना सांगितलेली गोष्ट म्हणजे भोंग्यावरून सांगितलेली गोष्ट. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली येऊन पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी झेंडूचा हार आणि नारळ घेऊन आले. माझ्या गळ्यात हार घातला, नारळ फोडला, सदाशिवरावांच्या स्वर्गवासी वडिलांच्या नावाने चार शब्द बोलले आणि त्यांचे चाळीस झाले. कोणीतरी साखळीने ग्लास बांधला. मागे परसात फौजदार आरवला, तर नत्थूजी म्हणाले की शुभशकुन आहे.

दुपारी ताराचंदची ऑटो जाता जाता थांबली. तो खाली उतरला, पाणी प्यायला, आणि ग्लास ठेवताना कपडा जरा सरकला. पोटावरचा २७ त्याला दिसला. मग त्याने ऑटोतून बर्फाचा मोठा तुकडा काढला, माझं तडा गेलेलं झाकण उघडलं आणि आत सोडला. मित्रांनो, इतक्या दिवसांनी पोटात बर्फ पडला आणि मला माझं जुनं आयुष्य आठवून भरून आलं. खाली कोंबड्या बर्फाचं पाणी पीत होत्या. देवळीत त्या दिवशी काही माणसांच्याही नशिबात ते नव्हतं.

रुख्मिणीबाईंचा रोज फोन येई. हळदीच्या गडबडीतही त्या आधी कोंबड्यांचंच विचारत. मंदाबाई सांगत की पाणी भरपूर आहे, तुम्ही सावकाश या. बाकीचं सांगायचं त्यांना धाडस होईना.

तिसरा दिवस नेमका बाजाराचा. आणि नेमकं त्याच दिवशी मंदाबाईंना डोळे दाखवायला सावंगीच्या दवाखान्यात जायचं होतं. जाताना त्यांनी मला भरलं. पण बाजाराच्या दिवशी भोवतालच्या खेड्यांतली किती माणसं त्या गल्लीतून जातात, याचा अंदाज त्यांना नव्हता. पिशव्या, टोपल्या, पोरं, सायकली, सगळे माझ्यापाशी थांबू लागले. पिऊन झालं की बाटल्या भरून नेऊ लागले. प्रत्येक जण मला दुवा देत होता आणि प्रत्येक दुव्यासोबत माझं पोट खाली जात होतं. पाणपोई कोणी ना कोणी भरतं, असं प्रत्येकाला वाटत होतं.

भर दुपारी पाणी चार बोटांवर आलं. आठवतं ना, कोंबड्यांचं भोक चार बोटं वर होतं. माणसांसाठी पाणी अजून होतं, कोंबड्यांसाठी संपलं. खाली चेंडू तळाला टेकला, तोटी उघडली, आणि तिच्यातून वारासुद्धा आला नाही. अर्ध्या तासात पन्हाळ सुकली.

मी वरून सगळं पाहत होतो. कोंबडीला घाम येत नाही मित्रांनो, तिला चोच उघडून धापा टाकाव्या लागतात. अकरा चोची उघड्या होत्या. पंख फाकवून त्या भिंतीच्या कडेला सरकल्या. एक पांढरी कोंबडी बसली, मग मान टाकली. आणि इकडे माझा नळ सुरूच. लोक पीत होते आणि म्हणत होते, वा, काय पुण्याचं काम आहे. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. पण मला फक्त नळ आहे, आणि तो दुसऱ्यांच्या हातात असतो.

तेवढ्यात चिंधी उठली. पिसं झडलेली, म्हातारी, अंड्यावर बसून वाळलेली चिंधी. तिने कूलरच्या सांगाड्यावर उडी मारली, सांगाड्यावरून भिंतीवर आली, आणि माझ्या नळाखाली चोच उघडून उभी राहिली. समोर नत्थूजी उभे होते, हातात साखळीचा ग्लास. पाणपोईवर आलेल्याला परत पाठवायचं नाही, मग तो कोणी का असेना, हे त्यांनी कालच्या भाषणात दोनदा सांगितलं होतं. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि चिंधीपुढे धरलं. ती प्यायली, मान वर केली, पुन्हा प्यायली. मग ती उडी मारून आत गेली, आणि ती कुठे गेली ते बघायला नत्थूजी भिंतीवरून वाकले.

त्यांना पाइप दिसला. पाइप कुठून निघतो ते दिसलं आणि कुठे जातो ते दिसलं. पन्हाळ दिसली, चेंडू दिसला, मान टाकलेली पांढरी कोंबडी दिसली. ते हळूच सरळ झाले आणि माझ्या गळ्यातल्या हाराकडे पाहू लागले. इतका अवघडलेला मी आयुष्यात कधी नव्हतो.

नत्थूजींनी दुपट्टा सोडला, फाटक उघडलं आणि सरळ आत गेले. फौजदार अंगावर आला, त्याला दुपट्ट्याने बाजूला केलं. परसातल्या नळावर बादली लावली. पाणी गरम आलं. ते तसंच टाकून ते आपल्या घरी धावले आणि माठातलं पाणी घेऊन आले. या वयात त्यांना धावताना गल्लीने पाहिलं नव्हतं. पन्हाळ भरली. पांढऱ्या कोंबडीचा तुरा आणि पाय ओल्या दुपट्ट्याने पुसले, चोच धरून थेंब थेंब पाणी सोडलं. ते तिच्याशी काहीतरी बोलत होते, पण ते आभारप्रदर्शन नव्हतं. पहिली घागर माझ्यात त्यांनी स्वतः ओतली आणि मग बाहेर येऊन गल्लीला एवढंच सांगितलं, "पानपोईचं पानी उतरलं. ज्यानं प्यालं त्यानं एक गुंड आनून टाका." घराघरांतून गुंड, म्हणजे पाण्याने भरलेल्या घागरी, आले. कशासाठी, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

संध्याकाळी पांढरी कोंबडी उठून उभी राहिली. मंदाबाई सावंगीहून परतल्या तेव्हा नत्थूजी माझ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही कळलं की दुसऱ्याला ठाऊक आहे. मंदाबाईंनी चहा आणला, तो नत्थूजी प्यायले, पण पाणी मात्र त्यांनी घरचं मागितलं.

चौथ्या दिवशी ऊन कलल्यावर सदाशिवराव आणि रुख्मिणीबाई गल्लीत शिरले. बाईंना दुरूनच आपल्या भिंतीपाशी गर्दी दिसली, आणि गर्दीत माझ्या गळ्यातला हार. हार बघून त्यांच्या मनात कोंबड्यांचंच नको ते आलं आणि हातातली पिशवी गळाली. लग्नाचे लाडू रस्त्यावर सांडले, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फाटक ढकलून त्या आत धावल्या आणि बोट दाखवत मोजू लागल्या. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. अकरा. बारावा फौजदार. मग त्या तिथेच मातीत बसल्या, हळदीने पिवळ्या झालेल्या नव्या लुगड्यासकट, आणि रडल्या. गेल्या उन्हाळ्यात त्या रडल्या नव्हत्या, ते रडणं या उन्हाळ्यात निघालं असावं.

बाहेर लोक सदाशिवरावांचे हात हातात घेत होते. वडिलांच्या स्मरणार्थ वगैरे त्यांच्या कानावर आलं, तसे ते गोंधळले आणि सरळ माणसासारखं खरं सांगायला गेले. त्यांनी नुसतं "अहो, हे तं कोंबड्यायसाठी" एवढं सुरू केलं, तोच नत्थूजींनी त्यांचं मनगट धरलं.

"सदाशिवराव, गप्प राहा," ते कानाशी म्हणाले. "अर्धा वार्ड पिऊन बसला आहे. मी नारळ फोडला आहे."

रुख्मिणीबाई डोळे पुसत बाहेर आल्या. मंदाबाईंनी त्यांना भिंतीपलीकडे नेऊन सगळं सांगितलं, अगदी पांढऱ्या कोंबडीसकट. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या माझ्यापाशी आल्या, साखळीचा ग्लास भरला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायल्या. बाईंनी ग्लास खाली ठेवला. "चांगलं बनवलं तुमी," त्या म्हणाल्या. "भोक तेवढं खाली घ्या."

दुसऱ्याच दिवशी सदाशिवरावांनी जुनं भोक बुजवलं आणि कोंबड्यांचा पाइप अगदी तळाशी, नळाच्याही खाली लावला. आता माणसांचं पाणी आधी संपतं, कोंबड्यांचं शेवटी. मला विचाराल तर तसंच असायला हवं. माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन पाणी मागू शकतो.

मित्रांनो, मी काही फार मागत नाही. पंधरा दिवसांनी मला आतून घासा, तळाला शेवाळ धरू देऊ नका, आणि पोचा आलेल्या वस्तूला परसात फेकण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते एकदा तपासा. देवळीत आलात तर कडुलिंबाखाली थांबा आणि पोटभर पाणी प्या, लाजू नका. पिऊन झालं की मात्र झाकण उघडून आत वाकून बघा. पाणी उतरलेलं दिसलं तर कोणाच्याही घरून तांब्याभर आणून घाला. रुख्मिणीबाई परवा नाचणगावला जाणार आहेत, राहायला.